धुऱ्याला तोंड

सहाशे पिक्सेल रुंदी.
त्याबाहेर काही जायचं नाही, हे आधी ठरतं.
मग टेबल, टेबलात ओळ, ओळीत कप्पा,
कप्प्यात पुन्हा टेबल.
वेबसाइटवाल्यांनी ही रीत कधीच टाकली,
ईमेलला अजून हीच लागते.
कारण कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी
जुनं आउटलुक उघडून बसलेलं असतं
आमच्या जुन्या पटवाऱ्यासारखं :
साखळीनं मोजलं तेवढंच खरं,
बाकीची जमीन त्याला दिसतच नाही.

पिंपळटोल्यात ऑक्टोबर.
लोंब्या वाकल्या आहेत, पंख्याला लाइन नाही,
पाठीवरून घाम उतरतोय
आणि मी विकतेय लोकरीचे मोजे,
नॉर्वेत.

चित्रं बंद ठेवतात काही लोक.
त्यांच्यासाठी चित्रामागे एक ओळ लिहून ठेवायची :
'राखाडी मोजे, शेकोटीजवळ वाळत घातलेले.'
असे मोजे मी घातले नाहीत कधी.
तरी ती ओळ मला जमते,
कदाचित म्हणूनच.

शैली डोक्यात लिहिली तर वाटेत गळून जाते.
म्हणून कप्प्या-कप्प्याच्या अंगावर लिहायची,
तोच रंग चाळीस वेळा, तोच अक्षराचा आकार चाळीस वेळा.
नाव माहीत असेल तर नाव,
नसेल तर 'प्रिय मित्रा'.
आणि फाइल फुगू द्यायची नाही,
एकशेदोन केबीच्या वर गेली
की जीमेल शेपूट छाटतं.

बाप्पा एकदा मागे येऊन उभे राहिले.
कडा दिसाव्यात म्हणून मी कप्प्यांना लाल रेघा दिल्या होत्या.
बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
"बांध्या पाडून रायलीस का वो?"
हो म्हटलं.
"अना हा मधातला?"
पॅडिंग, म्हटलं. मग म्हटलं, धुरा.
"लहान झाला. फुटंल."
वीसचे चोवीस केले मी. खरंच बरं दिसलं.

काल आस्ट्रिडचा निरोप आला.
सगळं छान, मोजे तर फारच छान,
फक्त तळाची ती ओळ,
'हे पत्र नको असेल तर इथे दाबा',
जरा फिकट करता येईल?
अजून जरा?
मी करडा आणखी करडा केला.
पांढऱ्यावर पांढरं होत आलं.
मलाच स्क्रीन तिरपी करून शोधावं लागलं.
ग्राहक तिचा, पैसा तिचा,
गच्चीवर दोन काड्या नेटवर्क, तेवढं माझं.

लाइन गेली तशी बाहेर निघाले.
बाप्पा फावडा घेऊन धुऱ्यावर होते,
खालच्या बाजूला चिखल उकरत.
हलका धान पिकला,
कापणीआधी बांधी कोरडी व्हायला हवी.
चार महिने ज्या पाण्यासाठी
नहराच्या चौकीदाराशी भांडले,
ते आता स्वतःच सोडत होते.
"पानी अडवाचा त अडवाचा," मला बघून म्हणाले,
"पर त्याले जावाले तोंडय ठेवा लागते.
नाई त सडवते बुडखा."

पाणी आधी विचार केल्यासारखं थांबलं,
मग निघालं, बारीक मासोळ्या घेऊन.
दुधरामची दोन पोरं टोपली लावून बसलीच होती.

रात्री साडेनवाला लाइन आली.
तळाची ओळ मी पुन्हा गडद केली.
अक्षर दहाचं चौदा केलं,
बोट मोठं असलं तरी लागावं म्हणून.
आस्ट्रिडला लिहिलं : फिकट जमणार नाही.
कारण लिहायला घेतलं, इंग्रजीत नीट बसेना, खोडलं.
तिचं उत्तर आलं, नुसतं 'ओके'.
रागाचं की कंटाळ्याचं, कळलं नाही.

सकाळचा हिशेब :
उघडलं दोन हजार तीनशे अकरांनी,
मोज्यांपर्यंत गेले अठ्ठ्याऐंशी,
निघून गेले सतरा.
मागच्या वेळी चार गेले होते.

त्या सतरांत एक बिननावाचा होता.
'प्रिय मित्रा' म्हणून गेलेलं त्याला.
पहाटे चार-दहाला त्यानं ती ओळ दाबली.
मी त्याची नोंद यादीतून काढली,
एकदा तपासून घेतलं खरंच निघाली का,
आणि चहा ठेवला.