एकोणीस ग्रॅम

मातोसिन्योशच्या बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर
एर्मेलिंदा वजनकाट्यावर जबडा ठेवते.
वरची अख्खी कमान, बारा दात: एकोणीस ग्रॅम.
धातूच्या सांगाड्याची जुनी चौतीस भरली होती.

दाणे वितळवायचे, तापल्या साच्यात दाबायचे,
निवेपर्यंत झाकण उघडायचं नाही.
विक्रेता म्हणाला, तडा जाणारच नाही.
किती दिवस पाहिलंत?
चौदा महिने.
तिने वहीत एवढंच लिहिलं:
हिरडीचा गुलाबी जरा उजळ.

अबिलियो आले. मासळीच्या लिलावात
चाळीस वर्षं आकडे ओरडलेला माणूस.
स्क्रू आवळून झाले. त्यांनी जीभ फिरवली,
नखाने टकटक केलं, कान दिला.
‘वाजत नाहीत.’
मग ‘सार्दिन्या’ म्हणून पाहिलं,
स-मधून बारीक शीळ निघाली.
पुन्हा म्हटलं. पुन्हा शीळ.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणावं,
तर इथे ओठ तेवढे त्यांचे.

तिने केसभर घासलं. शीळ गेली.
म्हातारा हिरमुसला,
‘राहू द्यायची होतीस.’

जाताना जुनी कमान मागून घेतली,
रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली.
तेवढ्याने कोट एका बाजूला ओढला गेला.
‘पंधरावा महिना,’ ते म्हणाले,
‘अजून कुणी पाहिलाय?’