पाठमोरी

मामा तलाव उन्हाळ्यात आटत आला की
दोन्ही टोल्यांची माणसं एकाच जाळ्याला हात लावत.
बांधटोला आणि माताटोली.
काठावर पळसाची पानं, पानांवर दहा वाटे.
रोहू, मरळ, खाली चिल्लर बोटऱ्या.
वाटे लावायचा माझा बाप.
त्याचा हात सरळ, असं सगळेच म्हणत.

आणि नाव पुकारायला लेकरू.
मला मोहाच्या झाडाकडे तोंड करून उभं केलं,
नऊ वर्षांच्या पोरीला कोणाचं काय पडलेलं असतं!
मागून वलथरेबुवा काठी टेकवत,
"हा कोनाचा?"
मी सालीवरच्या मुंग्या बघत सांगायचं,
"बांधटोला." "माताटोली."
देव असाच देतो म्हणे, न बघता.

आदल्या रात्री बाप म्हणाला होता,
"मी खोकललो का आपल्या टोल्याचं नाव घेजो."
एवढंच. मग दिवा विझवला.

त्या वर्षी तो दोनदाच खोकलला.
घरी जवसाच्या तेलात मरळ शिजली,
मी पुन्हा पुन्हा भात मागितला.
दुसऱ्या दिवशी शाळेत पर्बता काडीनं दात कोरत होती.
"आमच्याकडं काटेच आले," म्हणाली,
रागानं नाही,
आज बाजार भरला नाही म्हणतात, तसं.

पुढच्या वर्षी तेच झाड.
पहिला वाटा. बाप खोकलला. "बांधटोला."
दुसरा. खोकलला. "बांधटोला."
तिसरा, चौथा.
मला वाटलं, आज बापाला फारच हवंय.
पाचव्याला काठी टेकायच्या आधीच मी नाव घेतलं.

मागे कोणी हसलं नाही.
एक मासा अजून शेपूट आपटत होता.
मी वळले. वळायचं नसतं, तरी.
बाप उकिडवा बसलेला, डोकं गुडघ्यांत,
खोकला थांबत नव्हता,
खरा होता,
आणि दोन्ही टोले त्याच्याकडे नाही,
माझ्याकडे बघत होते.

वलथरेबुवांनी काठीनं सगळे वाटे एकात ओढले.
नवे वाटे माताटोलीच्या गोमाजीनं लावले.
झाडाकडे तोंड करून आता पर्बता.
मी बापाच्या शेजारी, चिखलात.

"हा कोनाचा?"

बापानं दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला.
मान फुगली, डोळे लाल झाले,
पाठ आतल्या आत आपटत राहिली
त्या माशासारखी.
दहावा वाटा उचलेपर्यंत
त्यानं एकही आवाज बाहेर येऊ दिला नाही.