चौदा तारखेची ओळ

उद्या अकराला तपासणी, असा बेळगावहून फोन आला
तेव्हा डॉक्टर कडाडींनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं.
मग म्हणाले, वहीचं बघा.

वही ऑटोक्लेव्हची.
तारीख, वेळ, अंश, दाब, टेपचा तुकडा, सही.
तीन महिने कोरी.
कामं झाली होती, लिहायला सवड नव्हती,
हे खरं आहे,
आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

फिलोमिना सिस्टरनं चार पेनं आणून दिली,
त्यातलं एक संपत आलेलं.
"एकाच शाईनं लिहू नको गं, वळखतात.
त्यांचं कामच ते."
पिवळी, लाल, निळी, पांढरी, बादल्या तिनं ओळीनं मांडल्या.
पाट्या कानडीत छापील.
खाली खडूनं मराठी,
आमच्या यल्लूबाईला तेवढंच वाचता येतं म्हणून.

मी लिहीत बसले.
एकशे एकवीस. पंधरा पौंड. वीस मिनिटं.
एकशे एकवीस. पंधरा पौंड.

खानापूरच्या कुंभाराची लेक मी.
आमच्या भट्टीला वही नव्हती.
बा मडकं कानाशी धरायचा, बोटाच्या पेरानं वाजवायचा.
खण्ण आलं तर बाजार,
बद्द आलं तर उकिरडा,
गिऱ्हाईक समोर असो की नसो.
ऑटोक्लेव्हला कान लावून काही कळत नाही.
टेपवरच्या पट्ट्या काळ्या पडतात, एवढंच.
आणि पट्ट्या काळ्या पडल्या म्हणजे आतलं सगळं मेलं असं नव्हे,
हे धारवाडच्या ट्रेनिंगात सांगितलं होतं,
जेवणाआधीच्या तासाला.

मग चौदा जून आली.

त्या दिवशी झाकणाचं रबर चिरलं होतं.
कडेनं वाफ फिसफिसत होती,
काटा दहावर येऊन अडला.
टेबलावर जांबोटीकडची शेवंताक्का, पोर आडवं.
"चालतंय, काढ," असं कोणीतरी म्हणालं.
मीच म्हणाले असेन.
आवाज माझ्यासारखा होता.

सहाव्या दिवशी टाक्यांत पू.
ती जगली. हे आधीच सांगते,
नाहीतर लोक पुढचं ऐकत नाहीत.
जगली, पण अडीच महिने पाळण्यावर वाकता आलं नाही तिला.
दीर चंदगडला घेऊन गेला,
तिथं ह्या राज्याचं कार्ड चालेना.

हातात नेमकं ते संपत आलेलं पेन.
तीन आकडे तर लिहायचे होते.
ओळ सोडून मी पंधरावर गेले.

अकराच्या दीडला आल्या हंचिनमनी मॅडम.
सिंकखाली वाकल्या, साबण हुंगला,
सुयांचा डबा हलवून बघितला.
खडूचं मराठी वाचलं. पुसा म्हणाल्या नाहीत.
मग वही. ऑगस्ट, जुलै, जून.
बोट थांबलं.
"इदु याक खाली बिट्टीरी?"

डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी केस नव्हती, मॅडम.
मॅडमनी ऑपरेशनची वही मागितली.

माझं कानडी बाजारापुरतं. किती, कमी करा, नको.
वाफ निसटली कसं म्हणायचं, येत नव्हतं.
ड्रॉवरमधलं जुनं रबर काढलं,
का ठेवलं होतं कोण जाणे,
चिरेत बोट घालून दाखवलं.
"कच्चं राहिलं," मी म्हणाले.

त्यांनी रबर उजेडात धरलं.
"हसी उळीतु," हळूच म्हणाल्या.
हसी. हा शब्द मला येत होता.
आमच्या भट्टीवर माती विकायला येणारा बसाप्पा
तोच शब्द वापरायचा.

डॉक्टर माझ्याशी अजून बोलत नाहीत.
नवं रबर आलंय. नोटीसही आलीय,
ती फिलोमिना सिस्टर वाचून दाखवते, अडखळत.
चौदाच्या ओळीभोवती लाल गोल आहे.
तिच्या वर तेरा, खाली पंधरा,
दोन्ही मी त्या रात्री लिहिलेल्या,
वेगवेगळ्या शाईनं.

त्या कुणी वाजवून बघितल्या नाहीत.