हातचा

टालिनहून हेलसिंकीला जाणाऱ्या संध्याकाळच्या बोटीवर
सातव्या मजल्यावर, जुगाराच्या यंत्रांपलीकडे
एक बुटकं स्टेज आहे.
तिथे काल्यू लोकांच्या मनातलं ओळखतो,
मी दिवे सांभाळतो.

"एक आकडा धरा मनात," तो म्हणतो, "पन्नासच्या आतला.
दोन अंकी. दोन्ही अंक विषम, पण जुळे नकोत,
म्हणजे बघा, पंधरा चालेल, अकरा नाही.
घाई नाही. तुमचं मन, तुमची मर्जी."

मर्जी म्हणेपर्यंत पन्नासाचे आठ झालेले असतात.
पंधरा त्याने स्वतःच उष्टा करून टाकलेला,
तो कोण उचलणार?
राहिले सात, आणि त्या सातांतून माणसं
सदतिसापाशीच जाऊन थांबतात,
अंधारात हात जसा नेमका दिव्याच्या बटणावर जातो.
सगळी नाही जात.
पस्तीसवाल्यांसाठी दुसऱ्या खिशात दुसरं पाकीट.
हातचा एक ठेवल्याशिवाय काल्यू स्टेजवर चढत नाही.

मग खडा टाकून बघणं:
"तुमच्या जवळचं कुणीतरी, म-वरून नाव..."
म-वरून नाव नसलेलं घर फिनलंडात शोधून दाखवावं.
"तुमच्या घरी एक किल्ली आहे,
कुठल्या कुलपाची ते आता आठवत नाही."
कोत्काचा एक ट्रकवाला, तौनो, मान डोलावत राहिला,
मग खाली येऊन, बिअरला हात न लावता,
बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत बसला.
मी त्याच्यावरचा दिवा हळूहळू उतरवला.
माझ्याकडेही तशी एक किल्ली आहे.
युक्ती मला पाठ आहे, तरी दर प्रयोगाला
ती किल्ली मला आठवतेच.

नोव्हेंबरात एकदा समुद्र चांगलाच उसळला होता.
ग्लास टेबलांवरून आपोआप चालत होते.
काल्यूला एकाहत्तरावं लागलेलं.
अंगठ्याच्या नखाखाली शिसाचा कण बसवून
बंद पाकिटातल्या कागदावर ऐनवेळी आकडा गिरवायचा,
ही त्याची खरी कला
बोटांनी दोन हिवाळ्यांपूर्वीच सोडून दिलेली.
आता सगळी भिस्त सदतिसावर.

पुढच्या रांगेतली एक बाई उठली. विटकरी लोकरीची टोपी,
नाव सांगितलं हेल्वी.
आकडा तिने कागदी रुमालावर लिहिला,
घडी घातली, मुठीत आवळला.
काल्यूने पाकीट फोडलं. हात थरथरत होता,
लाटेने की वयाने, मला वरून कळलं नाही.
"सदतीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली.
मी उगाच दिवा जरा डावीकडे नेला, परत आणला.
मग तोंडावर हात ठेवून ती म्हणाली,
"अहो, कसं ओळखलंत!"
टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली.

नंतर टेबलं आवरताना रुमाल सापडला,
बिअरमध्ये भिजलेला.
निळी शाई फुटली होती, पण आकडा वाचता येत होता:
एकोणीस.

काल्यू आरशासमोर नखं कापत होता.
"त्या बाईचा आकडा," त्याने मान वर न करता विचारलं,
"कुठला होता रे?"

रुमालाचा ओलावा खिशातून मांडीपर्यंत आला होता.
खाली इंजिन धडधडत होतं.

"सदतीस," मी म्हणालो.

कात्री थांबली. आरशातूनच तो माझ्याकडे बघून हसला.
"तिनेही एवढाच वेळ घेतला होता."