रविवारचं ओतकाम

समितीनं ठरवलं, अण्णांचा अर्धपुतळा करायचा
आणि साचा भरायचा मी.
उद्यमनगरात चाळीस वर्षं वाळू ठोकणारा
मीच उरलोय म्हणे त्यांच्या वर्गातला.

वर्ग म्हणजे सायकल दुकानावरचा माळा.
गुरुवारी सातला, एक बल्ब, फाटकी सतरंजी,
खालून पंक्चरच्या सोल्युशनचा वास.
केरबाअण्णा चिवटे नफा शिकवायचे गुळाच्या ढेपेवर:
ऊस तोडला कुणी, चुलवाणात जाळ घातला कुणी,
काहिलीला हात भाजला कुणाचा,
आणि आता सुरी कुणाच्या हातात?
मग ढेप फोडायची, सगळ्यांनी खायची.
धडा विसरलो असेन. चव आहे.

एकदा मी त्यांना सांगितलं,
अण्णा, आमच्यात साचा एकदाच चालतो.
माल निवला की फोडायचा,
तीच वाळू चाळून नवा भरायचा.
त्यांनी चष्मा पुसला, वहीत लिहून घेतलं,
आणि पुढच्या गुरुवारी मलाच उभं केलं शिकवायला.

आता हे शाडूचं मॉडेल पुढ्यात.
कपाळ जमलंय. ओठ मिटलेले.
मिटलेले? अण्णांचे?
मी बोललो नाही. वाळूत मळी कालवली.

रविवार धरला, भट्टी मोकळी असते.
पितळ मालकानं फुकट दिलं, फोटोही काढला.
त्याच्या बापानं अण्णांना गेटच्या आत येऊ दिलं नव्हतं.
त्याला ठाऊक नसावं. मला आहे.

लाडल धरायला बिपिन जेना, केंद्रापाड्याचा,
कंत्राटातला, तीन महिन्यांचा.
"मामा, हे कोन आहे?"
मी सांगू लागलो, गेटवरच्या सभा, बोनस, दवाखान्याचं कार्ड...
त्यानं मधेच तोडलं,
"ते ठीक. आज रविवार.
डबल हजेरी कोन देनार?"

समितीचे दोघं एकमेकांकडं बघाय लागले.
एक म्हणाला, अरे, ही सेवा आहे.
"कुनाची?"

पितळ लाल झालेलं. पितळ थांबत नसतं.
थांबवलं.
हजेरीचं बुक मागवलं,
रविवार, माणसं दोन, डबल,
खाली खजिनदाराची सही.

मग ओतलं.

सांजच्याला साचा फोडला तर
ओठांपाशी हवा अडकलेली,
बारीक भोक राहिलंय, काहीतरी विचारायला उघडल्यासारखं.
खजिनदार म्हणतो, भरून घ्या.
बघू की, म्हटलं.
पलीकडं बिपिन वाळू चाळतोय.