दंडावरचा पट्टा

आधी अंगठी पाहिली.
रोयस्टन म्हणाला, ही घ्या सिस्टर, दागिन्यासारखी दिसते,
झोप मोजते, ताप मोजते, पाळीची तारीखसुद्धा सांगते.
पण माझ्या बोटांना एका रात्रीत साठ वेळा स्पिरिट लागतं,
साठ वेळा हातमोजा चढतो, साठ वेळा उतरतो.
लग्नातली अंगठीसुद्धा कपाटात पडून आहे
सात वर्षं.

मग घड्याळ. काळं, जाडजूड, आत नकाशा.
कोपरापासून खाली हात उघडा हवा, हा वॉर्डाचा नियम,
आणि नियम नसता तरी त्याला पडदा आहे.
बांबोळीला मी रात्रभर अकरा पडदे बघते.
बाराव्याला डोळ्यांत जागा नाही.

अठरा जून रस्त्यावरच्या त्या दुकानात
पाऊण तास उभी होते, पाय सुजलेले,
डिसेंबरात एकवीस किलोमीटर पळायचं ठरवलेली बाई.

"धावणं धावताना होत नाही," कायतान सर म्हणतात,
"झोपेत होतं. मिस्कूट मुरतं तसं."
सर शिरदोणच्या चढावर शिट्टी घेऊन उभे असतात,
त्यांना कोण सांगणार
की माझी बरणी भर दुपारी मुरते,
खिडकीला काळी चादर लावून,
खाली मासळीवाली बांगड्यांचा भाव ओरडत असताना,
शेजारचा मिक्सर थांबण्याची वाट बघत.

शेवटी पट्टा घेतला. बिनपडद्याचा,
दंडावर बांधायचा, युनिफॉर्मच्या बाहीखाली.
महिन्याला वर्गणी आहे, भिशीपेक्षा थोडी जास्त.
रोयस्टननं समजावलं :
दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत राहिलं
तर शरीर ताजं.
निरोगी हृदय म्हणे घड्याळासारखं चालत नाही.
हे मला शिकवलं होतं कॉलेजात. विसरले होते.
दुकानात पैसे मोजताना एकदम बरं वाटलं,
की आत कुणीतरी अजून थोडं बेशिस्त आहे.

बेड सात. जुझे आवेर्तान, काणकोणचे.
चाळीस वर्षं माडावर चढलेले रेंदेर,
पावलांना चिरे, छातीवर माडाच्या खोडाचा घट्टा.
आणला तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडले,
एवढं सगळं निकामी झालेलं
आणि हृदय मात्र खेळाडूचं.
बाही वर सरकली तेव्हा
त्यांनी हिरवा दिवा पाहिला माझ्या दंडावर.
"कितें तें?"
म्हटलं, मी पळते. हा सांगतो थकले की नाही.
ते हसले. हसणं मास्कच्या आतच राहिलं.
"तुका कळना?"

तिसऱ्या रात्री मुलगा निघाला होता मडगावहून,
पोचला नव्हता.
मी स्टूल ओढलं, त्यांचा हात हातात घेतला,
हातमोजा न घालता.
करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून
काहीच केलं नाही.
हलले नाही. त्यांचा श्वास लांबत गेला
तसा माझाही लांबला असावा.

सकाळी बसस्टॉपवर फोन उघडला.
तीन वाजून दहा ते तीन पन्नास :
गाढ झोप. चाळीस मिनिटं.
आठवड्यातली सगळ्यात चांगली, असं खाली लिहिलेलं.
पुढे प्रश्न, नोंद दुरुस्त करायची आहे का?

आगशीची बस आली, गेली.
बोट प्रश्नावर ठेवलं, काढलं.
दुरुस्त करून तिथे काय लिहायचं
त्याला रकाना नव्हता.

ताजेपणा चौऱ्याहत्तर. हिरवा.
आकडा तसाच कायतान सरांना पाठवला.
"मस्त. आज चढावर सहा फेऱ्या."

चार मारल्या.
पाचवीला अर्ध्या चढावर थांबले,
दोन बोटं मानेवर ठेवली, जुन्या सवयीनं,
आणि मोजायचं विसरून
नुसती तिथेच ठेवली.