वाट्या

गोळीबार चौकातून टिमकीकडे वळताना
हँडल मध्येच अडायचं,
घासात खडा लागावा तसं,
आणि पुन्हा सरळ रेषेत जाऊन बसायचं.
मला वाटलं, हातच थकले.
अठरा वर्षं विजेचे मीटर वाचत फिरते,
दिवसाला दीडशे दारं,
दर दाराशी एक वळण.

करामत मिस्त्रीनं पुढचं चाक उचललं,
डोळे मिटून हँडल हलकेच इकडे-तिकडे फिरवलं,
खरखरीतून रेडिओचं स्टेशन शोधावं तसं.
"वाट्या गेल्या, निनावेबाई.
छर्‍यांनी खड्डे पाडले.
सरळ जाऊन जाऊन."

सरळ?
मी तर जन्मभर वळतच आले.
पण त्यानं चिमटा उपसला,
खालची वाटी पुसून उन्हात धरली,
आणि दिसले: गोल ओळीनं बारीक खळगे,
ज्वारीचा दाणा बसेल एवढे.
दोन दारांच्या मध्ये जो रस्ता असतो
तो मी कधी मोजलाच नव्हता.

लोहा ओळीत हेडाऊच्या दुकानी
कूलर वाळ्याचा वास फेकत होता.
काचेवर तीन सेट.
एक सत्तर रुपयांचा, पत्र्याचा,
नखानं वाजवला तर रिकाम्या डब्यासारखा बोलला.
दुसरा चकचकीत, बंद बेअरिंगचा,
"पुन्हा उघडायचं कामच नाही, ताई!"
पण मिस्त्रीच्या चिठ्ठीतल्या मापाला केसभर सैल.
केसभर म्हणजे झालंच.
तिसरा मागच्या फळीवरून काढला, फुंकर मारून,
काळपट, जड पोलाद.
मी पिशवीतली कानस त्याच्या कडेवर ओढली.
कानस घसरली. ओरखडा नाही.
"दोनशे चाळीस. हा कोणी मागत नाही आता."
किमतीची घासाघीस केली नाही,
कानशीनं केली तेवढी पुरे.

जुन्या वाट्या निघाल्या आतून सळईनं,
एक टोला इकडे, एक तिकडे.
नव्यांना मात्र हातोडा नाही.
लांब बोल्ट, दोन जाड वायसर, एक नट.
"ठोकली तं वाकडी बसते,
वाकडी बसली तं सहा महिन्यांत पुन्हा माझ्याच दारात.
मला परवडते. तुमचं तुम्ही पाहा."
नट फिरत गेला, वाटी नळ्यात शिरत गेली,
मग पाना एकदम थांबला
आणि मिस्त्री म्हणाला, "हं."

छर्‍यांची जाळी त्यानं कोपर्‍यात भिरकावली.
"जाळीत सोळा. सुटे वीस मावतात.
बोजा वाटून घेतात.
पण एकाची जागा मोकळी ठेवायची,
नाही तं आपसातच घासतात."
मी मोजत राहिले, आकड्यांची सवय.
मे महिना, ग्रीस पातळ झालेलं,
विसावा छर्रा घरंगळत नालीकडे निघाला
आणि त्याचा पोरगा झमीर पोटावर पालथा पडून
दोन बोटांत घेऊन आला, धुऊन, पुसून.

मग कसणं.
घट्ट केलं तर हँडल जड.
मागे घेतलं, पुढचा ब्रेक दाबून सायकल हिसकली: टक.
थोडं पुढे. अजून टक.
अजून किंचित.
टक नाही.
वरचा नट त्यावर दाबून बसवला
आणि चाक हवेत उचललं.
हँडल कुणी न सांगता डावीकडे कललं,
उजवीकडे ढकललं तर उजवीकडे,
मध्ये कुठेच मुक्काम नाही.

घरी येताना सरळ रस्ताही निसरडा वाटला.
इतकी वर्षं तो खळगा मला धरून होता
हे आता कळून काय उपयोग.
टिमकीच्या वळणावर सवयीनं जोर लावला
आणि जवळजवळ पानठेल्यातच घुसले.
"काऊन वो, नवीन शिकून राह्यल्या का?"
"हो," म्हटलं.

पंधरा दिवसांनी परत जायचं आहे मिस्त्रीकडे.
नव्या वाट्या बसतात, मग जरा सैल होतात.
पाव फेरा, म्हणाला,
पैसे नको.